सिंधूच्या सपनात भानुदास येईना

ह्यातला एक शबुद तरी खरा मानून दाखव, मी तुला मानलं! न्हाई मानायचीस, पोरी. आमच्या खानावळीतल्या बाया सवता तिथं हजर व्हत्या, त्याच मानत न्हाईत, मंग तू काय मानशील? डबा लावायला आलीस ना? बस त्या गोनीवर. विशाखा आली म्हंजी तुझं नाव घालील. तवर ऐक.

किस्से म्हंजी पिठावानी असत्यात. दुपारी झाडावं, पुसावं, फडकं मारावं, आन् टेकावं म्हनलं तर खिडकीतल्या उनाच्या तिरिपेत परत तरंगत असतंय. कुठनं येतंय, कवा खाली बसतंय, कळत न्हाई. मंग ओट्यावर नुसतं बोट फिरवलं तरी एखादा किस्सा बोटाला लागतोय.

दापोडीतल्या ह्या गल्लीत आमी चपात्या करतो, आन् त्या खात्यात भोसरी-चाकनच्या कंपन्यांत. डब्याचा टेंपो गेला की आमी आडव्या. तवे निवत पडल्यात, रुळावरनं गाडी गेली की भांडी जरा किनकिनत्यात, परत गप. त्या टायमाला बाया अर्ध्या जाग्या, अर्ध्या झोपेत बोलत्यात. सगळे किस्से त्यातनंच निघाल्यात.

आमी कोन कोन, ते सांगते. जुबेदा कनीक मळती. मेरी भाज्या करती. ती नगरची किरिस्ताव, मराठी माझ्यापेक्षा चांगलं. विशाखा सगळ्यात ल्हान, बीकॉम झालेली, फोनवर ऑर्डरी घेती, रविवारी विहारात जाती. टेंपोवाले अण्णा कंपनीतनं रिटायर झाल्यात, ते कुनालाच मानत न्हाईत, ना देवाला ना सिग्नलला. मी चऱ्होलीची, चौथी नापास. मी चपात्या लाटते आन् कळ लावते. आन् सिंधू. सिंधू लातूरकडची, ती चपात्या भाजती.

सगळा खेळ हिचाच हाय.

सिंधूचा नवरा भानुदास चाकनच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर व्हता. छातीत कळ आली आन् गेला. सिंधूनं देव्हाऱ्यातले देव पुसले, डब्यात तांदळावर निजवले, झाकन लावलं. दिवा बंद.

मी म्हनलं, "रुसलीस व्हय गं देवावर?"

"रुसले नाही वो मावशी. ओळखच राहिली नाही. आता मी कुनाची, तेच कळंना."

आता ही बाई कशी, तर कुकर कंचा घ्यावा ते सुदा भानुदासला इचारनार. पडद्याला रंग कंचा, त्याला इचारनार. मंग देव कंचा घ्यावा, का घेऊच नये, ते कुनाला इचारनार? त्यालाच! पर त्यासाठी त्यो सपनात यायला पायजे ना? तर त्यो येईनाच. शेवटाला तिनं ठरवलं, "ज्याच्या दारात मला ह्यांचं सपान पडंल, त्यो देव माझा. कुठंच नाही पडलं, तर कुनीच नाही माझं."

*

आता गंमत बघ. भानुदास सिंधूच्या सपनात सोडून समद्यांच्या सपनात जायला लागला!

सकाळी सकाळी जुबेदा कनकीत हात घालून म्हनली, "सिंधू, भानुदासभाऊ आले व्हते गं सपनात."

सिंधूच्या हातातलं उलथनं थांबलं. "काय म्हनले?"

"काय न्हाई. फ्रिज उघडला, पानी प्याले, गेले."

"माझ्या घरी फ्रिज नाही व्हय!" सिंधूनं चपाती अशी आपटली, तव्यावरच फाटली.

मंग मेरीच्या सपनात गेला. तिच्या घरातली बंद पडलेली ट्यूब नीट करून दिली. सिंधू म्हनली, "आमची वर्षभर फडफडत व्हती, तिला हात नाही लावला!" मंग गावावरनं नणंदेचा फोन. "वहिनी, दादा आला व्हता, लई हसत व्हता." सिंधू फोन ठेवून म्हनली, "जित्तेपनी हिच्याशी बोलत नव्हते!"

कळस केला विशाखाच्या बिल्डिंगीच्या वॉचमननं. त्यानं भानुदासला जन्मात एकदा बघितलेलं. त्यो विशाखाला म्हनतो, "ते तुमच्या खानावळीतल्या बाईंचे मिस्टर काल सपनात तंबाखू मागत होते."

सिंधू मटकन खाली बसली. "मेल्यावर सुदा घर सोडून गावभर फिरतंय बघा मानूस! माझ्याकडंच यायला कामून पाय दुखत्यात?"

माझ्याकडं वळली. "मावशी, तुमच्याकडं?"

म्हनलं, "माझ्या सपनात माझाच म्हातारा येत न्हाई, माझ्या भ्यानं. तुझा कशाला यील?"

*

पयला नंबर आमच्या देवाचा. चऱ्होलीचं आमचं देऊळ. पूर्वी तिथं दुपारी फकस्त वारा यायचा. फरशी गार, खांबाला तेलाचा वास, आडवं झालं की आपन पान्याखाली हाय असं वाटायचं. आता भवतीनं टावर झाल्यात, फ्लॅटवाले येता-जाता दर्शन घेत्यात. आन् दर्शन म्हंजी पयली घंटा!

सिंधू सभामंडपात खांबाला टेकली. डोळा लागतोय न लागतोय, टण्ण! परत लागतोय, टण्ण! बिचारी दचकून दचकून दमली. मंग मी काय केलं, रुमाल घेतला, स्टुलावर चढले, घंटेची जीभ करकचून बांधली.

सिंधू झोपली. तेवढ्यात एक कंपनीवाला आला, डोक्यावर अजून शिफ्टची टोपी. त्यानं घंटा हानली. आवाज न्हाई. परत हानली. न्हाई. तिसऱ्यांदा लोंबकाळला. मंग त्यानं एक बोट कानात घातलं, हलवलं, दुसरं घातलं. तोंड पांढरं. फोन लावून वरडायला लागला, "सुपरवायझर! माझे कान गेले! लोडिंगला असताना बोळे घातले न्हाईत वो! मला तुमचा आवाज येत न्हाई!"

पलीकडनं सुपरवायझर काय बोलत असंल ते देवालाच ठावं. ह्यो आयकतोय कुठं!

सिंधू उठून बसली. म्हनलं, "आला का गं भानुदास?"

"नाही वो. चपात्या दिसल्या. नुसत्या चपात्या. ढगावानी वर चालल्या व्हत्या."

*

मंग जुबेदा म्हनली, "आता माझ्याकडं चल." गुरुवारी ती सिंधूला दर्ग्यात घेऊन गेली. मी बी शेपूट धरून मागं.

लोबान असा दाटला व्हता की समोरचं मानूस हाय का सावली, कळंना. जाळीतनं ऊन यायचं आन् धुरात नक्षी पडायची, हात घातला तर हातावर. कुनी बोलत न्हाई, कुनी उठवत न्हाई. सिंधूनं डोक्यावर पदर घेतला, भिंतीला टेकली, आन् गेली. मोरपिसाचा झाडू डोक्यावरनं फिरला तरी हलली न्हाई.

जुबेदा दुवा मागत बसली. मधनं मधनं एक डोळा उघडून सिंधूकडं बघायची. परीक्षेला पोरगं बसवल्यावानी!

सिंधू जागी झाली. जुबेदा म्हनली, "आले?"

"कंपनीची बस आली," सिंधू म्हनली. "आमच्या स्टॉपवर थांबली. एकेक उतरला. समदे वळखीचे. मी दारात उभी. समदे उतरले, हे नाही उतरले."

"मंग?"

"डायवर म्हनला, मागून अजून एक बस हाय."

जुबेदाचे डोळे चमकले. तिथंच परत टेकवायला बघती तिला! "झोप, झोप, ती दुसरी येऊ दे!"

आता झोप काय पान्याचा नळ हाय? पर तवापासनं जुबेदाला कुनी काय म्हनलं की तिचं ठरलेलं. "आमच्यात बसपातुर तरी आले. तुमच्यात नुसत्या चपात्या!"

*

मेरीनं चर्चात नेलं. जाताना तिला निक्षून सांगितलं, "सिंधू, गानी संपली की फादर बोलत्यात. तवा झोपलीस तरी चालंल. आमच्यातले पुष्कळ झोपत्यात."

गानी लई गोड गं. मला तर वाटलं छताला कुनी वरनं दोऱ्या लावून उचलतंय. सिंधूची मान हळू हळू कलली आन् शेजारी बसलेल्या एका साहेबाच्या खांद्यावर गेली. चांगला इस्त्रीचा शर्ट. त्यानं एकदा बघितलं, आन् गप बसला. फादर बोलले, संपलं, लोकं उठली, बाहेर गेली, च्या झाला. ह्यो मानूस हलंना! पुतळाच. हात सुदा मांडीवरनं काढंना.

मला म्हनला बारीक आवाजात, "आजी, ह्यांना काही दुःख आहे का?"

म्हनलं, "नवरा हुडकत्यात."

घाबरलाच! पर खांदा काढून घेतला न्हाई, बरं का.

सिंधू उठली, लाजली, पदर सावरला. मेरीला तर भरून आलं. त्याच्यापुढं हात जोडून म्हनली, "भाऊ, येशूनं शिकवलेलं तुमी जगून दाखवलं. कंच्या गावच्या चर्चातले तुमी?"

त्यो खांदा चोळत उठला. "ताई, मी जैन आहे. एसी बघायला आलोय, तुमचं संपायची वाट बघत होतो."

सिंधूला काय दिसलं? बाकाखाली भानुदासचे बूट. सेफ्टीचे, लोखंडी टोकाचे. आत पाय नव्हते.

*

विशाखाला हे समदं पटत नव्हतं. ती आमच्यावानी येडी न्हाई. म्हनली, "सिंधूताई, सपनावर कुनी धर्म निवडतं का? माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली ती जागेपणी, समजून, तपासून. घरातले देव सोडताना त्यांची आई रडली, पन ते ठाम राहिले. म्हणायचे, जे मला माणूस मानतं ते मी मानतो."

सिंधू ऐकत राहिली. मंग म्हनली, "तुझ्या आजोबांना म्हाईत तरी व्हतं त्यांना काय पायजे. मला एकच गोष्ट म्हाईत व्हती गं विशाखा. ती प्रेसवर व्हती."

विशाखा उठली. स्कूटी काढली, आन् आमाला दोघींना मागं बसवून विहारात नेलं. ट्रिपलशीट!

तिथं लई शांत. पांढऱ्या कापडातली मानसं, पिवळट उजेड, पंखा गरगरतोय तेवढाच. "श्वासाकडं लक्ष द्या," म्हनले. म्हनलं, देते. एक आला, एक गेला. एक आला. आन् मंग कुनाला ठावं कुठं गेला, मी बसल्या बसल्या घोरायला लागले! खरंच घोरायला लागले, नाटक न्हाई. विशाखा सांगती, खिडकीची काच वाजत व्हती.

समदे डोळे मिटून सोसत व्हते. आन् माझ्या शेजारी बसलेल्या सिंधूनं, डोळे मिटलेलेच, मला कोपरानं ढोसलं. लई सवयीनं.

"अवो, कुशीवर व्हा की!"

अख्ख्या विहारात आयकू गेलं.

तिनं डोळे उघडले तर मी! माझ्याकडं बघतच राहिली. कुनी हसलं न्हाई बघ, एक सुदा मानूस. पंखा तेवढा फिरत व्हता.

बाहेर आल्यावर विशाखानं तिच्या पाठीवर हात ठेवला. सिंधू म्हनली, "लई हलकं वाटलं गं. पर हे आले नाहीत."

*

वर्साचा दिवस जवळ आलेला. दीर गावावरनं फोन करायचा. "वहिनी, देव बाहेर काढा, वर्षश्राद्ध घालायचंय."

"ठरलं नाही अजून."

"काय ठरायचंय त्याच्यात?"

"मी कोन ते."

त्यो बिचारा फोन हलवून बघायचा, रेंज गेली का म्हनून.

मंग अण्णा म्हनले, "सिंधू, आता माझ्याकडं बघ. माझ्याकडं देव न्हाई, धूर न्हाई, गानी न्हाईत. मेल्यावर काय व्हतं, मला ठावं न्हाई, आन् मी ठावं असल्याचं ढोंग करनार न्हाई. पर माझ्या टेंपोत बस. झोप लागती."

ह्या अण्णाची गंमत सांगते. त्यांच्या टेंपोला फुडं लिंबू-मिरची हाय. एकदा मी ती काढून लपवली. मानत न्हाईत ना? बघू म्हनलं. अण्णा टेंपोला चावीच लावंनात! "काय झालं अण्णा?" तर म्हनले, "मी मानत न्हाई गं. पर बांधलीया बायकोनं, संध्याकाळी तिनं इचारलं तर काय देवानं नेली म्हनून सांगू?"

तर सिंधू डब्यांसंगं टेंपोत बसली. मी बी बसले, मधी. चाकनचा चौक म्हंजी तुला म्हाईत. एकदा अडकलं की कंटेनरवाला खाली उतरून दाढी करून घेतोय. ऊन मी म्हनतंय, हॉर्नवर हॉर्न, आन् समोरचा रस्ता असा वितळल्यावानी थरथरतोय, गाड्या पान्यात बुडाल्यावानी. त्या समद्या गोंगाटात सिंधूची मान खाली आली. गाढ!

जाम सुटला. अण्णांनी गाडी कडंला घेतली. बंद न्हाई केली, थरथर गेली तर जागी व्हईल म्हनून. फोन वाजायला लागले. "डबे कुठंत? लंच टाईम चाललाय!" अण्णा तोंडावर हात धरून कुजबुजायचे, "ट्राफिक हाय, ट्राफिक." समोर रस्ता मोकळा! अख्खी कंपनी उपाशी ठिवली त्या मानसानं, एका बाईच्या झोपेपायी.

सिंधू उठली. अण्णांनी इचारलं, "काय दिसलं?"

"काहीच नाही."

अण्णांचं तोंड पडलं.

"पर अण्णा, लई गोड काहीच नाही!"

अण्णा उड्या मारायचे बाकी व्हते. खानावळीत येऊन छाती काढून सांगितलं, "आमच्याकडं माल नसतोय, पर जो नसतोय त्यो एक नंबर असतोय!"

*

मंग कुनाकडंच काय उरलं न्हाई. जायला दार उरलं न्हाई. सिंधू म्हनली, "बास. उद्या दिराला सांगते, कुनीच नाही माझं. देव नदीला सोडते आन् मोकळी व्हते." आवाज असा सपाट, लाटलेल्या चपातीवानी. जुबेदा रडली. मेरी भाजीत मीठ इसरली. विशाखानं ऑर्डरी चुकीच्या लिवल्या.

टेंपो गेला. ऊन आलं खिडकीतनं. पीठ तरंगत व्हतं, खाली बसावं का न्हाई ते ठरत नसल्यावानी. तवा निवला. सिंधू आडवी झाली गोनीवर, हाताची उशी करून. गाडी आली, भांडी किनकिनली, गेली.

कवातरी मी बघितलं तर सिंधू झोपेत हसत व्हती.

मी जुबेदाला चिमटा काढला. जुबेदानं मेरीला. आमी समद्या रांगत रांगत भवती जमलो. जुबेदाला पिठानं शिंक आली, तिनं पदर कोंबला तोंडात, डोळ्यांतनं पानी यायला लागलं. अण्णा टेंपो घेऊन परत आले, त्यांना दारातच हात केला. त्यांनी इंजिन बंद करून टेंपो ढकलत आनला! विशाखाचा फोन वाजला तर ती फोनवर बसली.

सिंधूनं झोपेतच जरा सरकून एका बाजूला जागा मोकळी केली. कुनाला जागा देतात तशी.

लई येळानं उठली. आमच्याकडं बघितलं. तोंड असं, धुतल्यावानी.

जुबेदा म्हनली, "आले!"

सिंधूनं मान हलवली. आले.

झालं! जुबेदा म्हनली, ती दुसरी बस आली, दुवा लागली. मेरी म्हनली, मी मेणबत्ती लावली व्हती. मी म्हनलं, गोनी माझ्या चऱ्होलीची हाय! विशाखा म्हनली, मन शांत झालं म्हनून दिसले. अण्णा दारातनं वरडले, "मेंदू! मेंदू असतोय त्यो!" असा कालवा, शेजारची बाई बघायला आली काय झालं म्हनून.

"गप बसा गं!" मी म्हनलं. "सिंधू, तू सांग. कसे आले?"

"कामावरनं आले. युनिफॉर्मवरच. हाताला ग्रीस तसंच. मी म्हनलं, बरं झालं आलात, मला एक इचारायचंय. तर म्हनले, थांब, जरा पडतो. आन् हितं माझ्या शेजारी पडले. झोपले."

"मंग?"

"मंग काय? मी बी झोपले."

"अगं बये!" मी कपाळावर हात मारला. "एवढं गावभर हिंडलीस, देवळं पालथी घातलीस, त्यो आला आन् तू झोपलीस? इचारलं न्हाईस? कुनाला मानायचं? कुनाची तू?"

सिंधू उठली. केस बांधले. तवा चढवला, त्याच्यावर पान्याचा हबका मारला, चर्र झालं. मला म्हनली, "मावशी, डबल शिफ्ट करून आलं व्हतं मानूस. उठवायचं व्हय?"

ही बघ विशाखा आली, नाव घाल आन् जा आता, पोरी. तवा तापलाय.